जर्राह, पथरी आणि बिनटाक्यांचे ऑपरेशन

वर्षातून दोन-तीनदा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरत फिरत येतो. पगडी बांधलेल्या एका वृद्ध हकीमाचे काल्पनिक चित्र असते आणि खाली लिहिलेले असते की, अबुल कासिम अल-जहरावी या मुस्लिम शास्त्रज्ञाने हजार वर्षांपूर्वीच आजच्या ऑपरेशनची सगळी हत्यारे शोधली. मूतखडा न कापता फोडण्याची विद्याही त्याचीच, पाश्चात्त्यांनी ती चोरली. मग ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. दुसऱ्या ग्रुपवर याच्या उलट मेसेज असतो. मुसलमानांनी जगाला तलवारीशिवाय काय दिले, असा त्याचा सूर असतो. दोन्हीकडे एक गोष्ट समान असते. जहरावींचे पुस्तक कोणीही उघडलेले नसते.

मी डॉक्टर नाही, उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस आहे. पण या विषयात भाषेच्या वाटेने शिरता येते, कारण तो आपल्या बोलण्यात आहे. घरात आपण ‘पथरी’ म्हणतो, शेजारी ‘मूतखडा’ म्हणतात, युनानी हकीम ‘संग-ए-मसाना’ आणि ‘संग-ए-गुर्दा’ असा फरक करतात. मसाना म्हणजे लघवीची पिशवी, गुर्दा म्हणजे किडनी. ऑपरेशन करणाऱ्याला जुन्या उर्दूत ‘जर्राह’ म्हणत. हा शब्द अरबीतल्या ‘जर्ह’वरून आला आहे आणि जर्ह म्हणजे जखम. इलाजासाठी जो जखम करतो तो जर्राह. मूतखड्याच्या इलाजाचा सगळा इतिहास म्हणजे या जर्राहाने आपली जखम लहान लहान करत नेण्याचा इतिहास आहे. त्यात आपला वाटा किती, हे या लेखात मोजून पाहू.

कापण्याची भीती

आज मूतखडा म्हटला की आपल्याला किडनी आठवते. जुन्या काळी मोठा प्रश्न लघवीच्या पिशवीतल्या खड्याचा होता. गरिबांच्या मुलांमध्ये तो फार आढळे, कारण आहार नुसत्या धान्याचा. दूध, मांस अशा गोष्टी ताटात नसत. खडा पिशवीच्या तोंडाशी आला की लघवी अडते. मूल किंचाळत लोळते. ही कळ इतकी असह्य असे की माणसे भूल नसताना सुरीखाली जायला तयार होत.

आणि सुरीखाली जाणे म्हणजे काय, हे वैद्यांना ठाऊक होते. ग्रीक हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्य वचन देतो की मी खड्यासाठी कापणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडीन. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’वर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आधी औषध सांगितले आहे, औषध चालले नाही तरच शस्त्र. शस्त्रापूर्वी राजाची परवानगी घ्यावी असेही सांगितले आहे, कारण न कापल्यास रोगी नक्की जातो आणि कापल्यास वाचेलच याची खात्री नसते. खडा बोटांनी खाली आणायचा आणि मधल्या शिवणीच्या डावीकडे, जवाच्या दाण्याएवढे अंतर सोडून छेद घ्यायचा, इतक्या बारकाव्याने ती कृती लिहिली आहे.

हे सुश्रुतांचे ज्ञान भारतातच राहिले नाही. अब्बासी खिलाफतीच्या काळात बगदादमध्ये, बरमकी वजीर याह्या इब्न खालिदच्या सांगण्यावरून, मनका नावाच्या भारतीय वैद्याच्या मदतीने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आला. इब्न नदीमच्या ‘फिहरिस्त’मध्ये त्याची नोंद आहे. अल-राझींनी किडनी आणि पिशवीच्या खड्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली तोवर ग्रीक आणि भारतीय अशा दोन्ही परंपरा अरबीत उपलब्ध होत्या. ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ अशी भिंत इथेच पडते.

जहरावींनी काय लिहिले

अल-जहरावी दहाव्या शतकात अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा या शहरात झाले. गावावरूनच ‘जहरावी’. सुमारे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर इसवी सन १००० च्या आसपास त्यांनी ‘अल-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. तिसावा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात डागणे, कापणे आणि हाडे बसवणे असे तीन बाब आहेत आणि दोनशेच्या आसपास हत्यारांची चित्रे आहेत. हत्याराचे चित्र मजकुरासोबत देणे ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. वाचणारा आपल्या गावच्या लोहाराकडून ते घडवून घेऊ शकत होता.

खड्याच्या प्रकरणात ते पिशवीत अडकलेल्या खड्यासाठी खालून छेद घेण्याची जुनी रीत सांगतात. खडा मोठा असेल तर छेद वाढवू नये, चिमट्याने आत तोडून तुकडे काढावेत, असे त्यांचे म्हणणे. खड्याचे तुकडे करण्याची कल्पनाही नवी नव्हती. अलेक्झांड्रियाच्या अमोनियसने ती पूर्वी केल्याची नोंद रोमन लेखक सेल्ससने केलेली आहे. जहरावींनी सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याच्या ग्रंथाचाही पुष्कळ आधार घेतला.

पण पुढे एक परिच्छेद येतो, तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. खडा पिशवीतून निघून लघवीच्या नळीत अडकला असेल तर? जहरावी लिहितात की कापण्याआधी हा उपाय करून पाहावा. पोलादाची एक बारीक सळई घ्यावी, तिचे टोक तीन धारांचे आणि तीक्ष्ण असावे, मागे लाकडी मूठ असावी. हिचे नाव ‘मिश्अब’. खडा पुन्हा पिशवीत सरकू नये म्हणून त्याच्या मागे इंद्रियाला दोरा बांधावा. मग सळई हलकेच नळीतून खड्यापर्यंत न्यावी आणि थोडी थोडी फिरवत खड्याला आरपार भोक पाडावे. भोक पडताच अडलेली लघवी सुटते. मग बाहेरून बोटांनी दाबून उरलेला खडा चुरावा, तो लघवीबरोबर पडून जातो. हे जमले नाही तरच सुरी हातात घ्यावी.

शरीराने दिलेल्या वाटेनेच आत जायचे, खडा जागेवर फोडायचा आणि त्याच वाटेने बाहेर काढायचा. आज युरॉलॉजिस्ट दुर्बीण आणि लेझर घेऊन हेच करतात. त्यामुळे जहरावींचे नाव या इतिहासात येते ते योग्यच आहे.

आता उरलेला हिशेबही मांडला पाहिजे. मिश्अब नळीतल्या खड्यासाठी होती. पिशवीतल्या खड्यासाठी जहरावींनाही कापावेच लागे. त्यांना आतले काही दिसत नव्हते, सगळे बोटांच्या स्पर्शावर चाले. किडनीतला खडा काढण्याची वाट त्यांच्याकडे नव्हती. लेझर, कॅमेरा, भूल यांचा त्यांच्याशी संबंध नाही. एवढे सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

उलट ते मोठेपण मला भलत्याच ठिकाणी सापडते. ग्रंथाच्या सुरुवातीला ते आपल्या काळातल्या अडाणी वैद्यांची उदाहरणे देतात. एका वैद्याने वयस्कर माणसाचा मोठा खडा काढायला घेतला आणि खड्याबरोबर पिशवीचाच तुकडा ओढून काढला. रोगी तीनेक दिवसांत गेला. जहरावी सांगतात की त्या रोग्यासाठी आधी त्यांना बोलावले होते, पण खड्याचा आकार आणि माणसाची अवस्था पाहून तो वाचणार नाही हे त्यांनी ओळखले होते. कधी हात लावायचा नाही हे कळणे, हीसुद्धा जर्राही आहे आणि त्यांनी ती लिहून ठेवली.

बाईचा प्रश्न

त्याच ग्रंथात बायकांच्या खड्यावर वेगळे प्रकरण आहे. जहरावी म्हणतात की बायकांना खडा कमी होतो, पण झाला तर इलाज अवघड जातो. एक कारण शरीररचनेचे आहे. बाकीची कारणे अशी: ती कुमारिका असू शकते, शरीर वैद्यापुढे उघडे करायला बाई तयार नसते, आणि हे काम जाणणारी स्त्री वैद्य सापडत नाही. यावर ते हातावर हात ठेवून बसत नाहीत. जाणकार दाई शोधावी, ती तपासेल, वैद्य बाजूला राहून काय शोधायचे आणि काय करायचे ते तिला सांगेल, अशी व्यवस्था ते लिहून देतात. १४६५ मध्ये अनातोलियातल्या अमासियाच्या शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी जहरावींच्या आधाराने तुर्की भाषेत सचित्र शस्त्रक्रियाग्रंथ लिहिला. त्यात स्त्री वैद्य दिसतात.

हजार वर्षांपूर्वीचा एक मुसलमान वैद्य बाईची हया मान्य करतो आणि तिचा इलाज झालाच पाहिजे हेही मान्य करतो. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

पुस्तकाचा प्रवास

बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने ‘तसरीफ’चा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला. पुढची काही शतके ‘अल्बुकासिस’ हे नाव युरोपातले शल्यविशारद आदराने घेत होते. हे चोरून घेतलेले ज्ञान नव्हते. नाव घेऊन, भाषांतर करून घेतलेले होते, जसे बगदादने सुश्रुत आणि गॅलन घेतले होते. १७७८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये अरबी मूळ आणि लॅटिन भाषांतर शेजारी शेजारी छापले गेले. आपल्याकडे अरबी मजकूर शिळाछापावर आला तो लखनौत, १९०८ मध्ये. या तारखांमधले अंतर पाहिले की मेसेज फॉरवर्ड करण्याआधी थोडे थांबावेसे वाटते.

लखनौचे नाव या इतिहासात त्याआधीही एकदा येते. फ्रान्समधल्या लिऑं गावचा क्लॉड मार्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरलेला सैनिक अवधच्या नवाब आसफुद्दौलाच्या पदरी तोफखान्याचे काम पाहत होता. ला मार्टिनियर शाळा त्याच्याच पैशांतून निघाल्या. त्याला पिशवीतल्या खड्याने छळले आणि कापून घ्यायची त्याची तयारी नव्हती. १७८२ मध्ये त्याने स्वतःच एक बारीक पोलादी तार घेतली, टोकाशी कानशीसारखी खरखरीत केली आणि नळीतून पिशवीत घालून खडा घासायला सुरुवात केली. दिवसातून कित्येकदा, असे कित्येक महिने. खड्याचा भुगा लघवीतून पडत गेला आणि त्याला आराम मिळाला. त्याने जहरावी वाचले होते असे मानायला आधार नाही. सुरीची भीती आणि हातातले कसब यांनी त्याला त्याच वाटेवर नेले. हे करून पाहण्यासारखे मात्र मुळीच नाही. आतून फाटून किंवा जंतुसंसर्गाने माणूस दगावू शकतो.

मोजणारा जर्राह

पिशवीतला खडा न कापता फोडण्याची पद्धत शाबीत केली ती पॅरिसच्या ज्याँ सिव्हियालने. १३ जानेवारी १८२४ रोजी त्याने जिवंत रोग्यावर ती करून दाखवली. त्याच्या हत्याराला आत गेल्यावर उघडणारे तीन पंजे होते. पंजे खडा पकडत, मधली सळई फिरून त्याला भोके पाडत खिळखिळा करी. भूल यायला अजून वीसेक वर्षे होती. रोगी जागा असे, काम थोडे थोडे करून अनेक बैठकांत पुरे होई.

हत्यारे इतरांनीही केली होती आणि श्रेयाचे भांडणही झाले. सिव्हियालचे वेगळेपण पुढच्या कामात आहे. त्याने युरोपातून हजारो रोग्यांचे आकडे गोळा केले. कापून खडा काढलेल्यांत पाचांपैकी सुमारे एक दगावत होता. फोडून काढलेल्यांत शंभरात दोन-तीन. १८३५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने या आकड्यांवर अहवाल दिला आणि वैद्यकात आकडेमोडीचा उपयोग किती, यावरच वाद पेटला. समितीत पॉइसाँसारखा गणितज्ञ होता. तुलना अगदी समान नव्हती हेही खरे, कारण फार मोठे खडे सुरीच्या वाट्यालाच जात होते. तरी कोणती पद्धत बरी हे उस्तादाच्या नावावर न ठरता जगलेल्या आणि मेलेल्या रोग्यांच्या मोजणीवर ठरावे, हा पायंडा पडला.

माझ्या मते आपली परंपरा मागे पडली ती इथे. जहरावींनी डोळ्यांसमोरचे मृत्यू लिहून ठेवले होते. पुढे आपल्याकडे जहरावींचे नाव राहिले, नोंद ठेवण्याची सवय मात्र टिकली नाही.

फोडण्याची पद्धतही बिनधोक नव्हती. फ्रान्सचा पदच्युत बादशाह तिसरा नेपोलियन अशाच इलाजाच्या बैठका चालू असताना जानेवारी १८७३ मध्ये गेला. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या बिगेलोने भूल देऊन एकाच बैठकीत खडा चुरायचा आणि रुंद नळीने सगळा भुगा धुऊन काढायचा, अशी सुधारणा केली. ही पद्धत भारतात फार लवकर रुजली, कारण इथे रोगी अमाप होते. उत्तरेत पीटर फ्रेयर आणि होळकरांच्या इंदूरमध्ये डेनिस कीगन या सरकारी डॉक्टरांनी ती मोठ्या प्रमाणावर केली. लहान मुलांच्या नाजूक नळीतून हे होणार नाही असे मानले जाई. कीगनने इंदूरच्या मुलांवर ते यशस्वी करून दाखवले आणि छापून प्रसिद्ध केले. त्या मुलांची नावे कुठेही नाहीत, पण या विद्येवर त्यांचेही ऋण आहे.

आत दिसू लागले

तोवर सगळे काम अंधारात चालले होते. १८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या बोझिनीने मेणबत्ती आणि आरसा लावून आत पाहण्याचे यंत्र केले होते. जर्मनीच्या मॅक्स निट्झने १८७७ मध्ये दिवाच नळीच्या टोकाशी नेला आणि पिशवीच्या आत पाहण्याची खरी दुर्बीण तयार झाली. एडिसनचा दिवा आल्यावर ती सोपी झाली. १९६० च्या दशकात हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या कांड्यांची रचना करून चित्र लख्ख केले. आपण बोलताना ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतो, त्यामागे ही सगळी माणसे उभी आहेत. प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या आपल्या आजोबा-अब्बांचे दुर्बिणीचे ऑपरेशन १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत याच वाटेने पुढे आले.

किडनीपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागला. १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी पाठीतून बोटाएवढी वाट करून किडनीतला खडा काढल्याचे जाहीर केले. त्याआधी त्यासाठी कुशीत वीतभर चीर द्यावी लागे. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शॉसी यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. डॉर्निये ही विमाने बनवणारी कंपनी वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की काय होते याचा अभ्यास करत होती. त्यातून हादऱ्याच्या लाटांचे ज्ञान मिळाले. रोग्याला पाण्याच्या टबात ठेवायचे, पाण्यात ठिणगी उडवायची आणि लाटा वक्र भांड्याने बरोबर खड्यावर एकवटायच्या. शरीर बहुतांशी पाण्यासारखेच असल्याने लाट मांसातून निघून जाते, कठीण खडा मात्र फुटतो. सुरी नाही, सळईही नाही.

पुढे १९९० च्या दशकात केसासारख्या तंतूतून जाणारा होल्मियम लेझर आला आणि वाकणाऱ्या दुर्बिणीतून तो थेट किडनीत पोहोचला. १९९० मध्ये अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी पोटाला छोटी भोके पाडून अख्खी किडनी काढली. गुजरातमध्ये नडियादच्या मूळजीभाई पटेल रुग्णालयातल्या महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दोन मिलिमीटरहून बारीक सुईतून किडनीतला खडा फोडल्याचा अहवाल दिला. बारीक सळई, तिचे टोक खड्यावर, आणि भुगा शरीराच्या वाटेने बाहेर. मिश्अबची कल्पना ओळखू येते, पण मध्ये हजार वर्षांची मेहनत आहे आणि ती अनेक धर्मांच्या, अनेक भाषांच्या लोकांची आहे.

आपण काय घ्यावे

आपला वाटा मोजला तर तो असा आहे: एक हत्यार, एक चित्रांचा ग्रंथ, ‘आधी न कापता जमते का ते पाहा’ हा क्रम, आणि बाईच्या इलाजाची तजवीज. एवढे कुठल्याही समाजाने अभिमानाने सांगावे. त्यात लेझर घुसवला की खरेही खोटे वाटू लागते. शाळेतला हुशार मुलगा नेटवर तपासतो, मेसेजमधली अर्धी बाब खोटी निघते आणि मग तो जहरावींनाही गप्प समजू लागतो. आपल्याच बुजुर्गावर आपण हा अन्याय करतो.

अभिमान खरा असेल तर तो वागण्यात दिसावा. आपल्या मोहल्ल्यात आजही बायका लघवीची जळजळ, रक्त, पोटात कळ हे महिनोन्‌महिने लपवतात. नवऱ्याला सांगत नाहीत, जावेला सांगत नाहीत. ‘पुरुष डॉक्टर आहे’ एवढ्या कारणावर तपासणी टळते आणि अडलेला खडा किडनी निकामी करून जातो. हयाच्या नावाखाली आपण जे चालू देतो, त्याला जहरावींचा आधार नाही. त्यांनी दाई शोधायला सांगितले होते, घरी बसायला नव्हे. आज सोनोग्राफी कपड्यांची फारशी ओढाताण न करता होते, स्त्री डॉक्टर आणि नर्स मिळतात, आणि युरॉलॉजीकडे वळणाऱ्या डॉक्टर मुलीही आहेत. आपल्या मुलींना तिथवर शिकवणे हे त्या जुन्या प्रकरणाचे अपुरे राहिलेले काम आहे.

दुसरी अडचण वडीलधाऱ्यांची. ‘लघवीची पिशवी लावली तर नमाज कशी होईल?’ म्हणून कितीतरी बुजुर्ग नळी आणि ऑपरेशन दोन्ही टाळतात. फिकहने याचा विचार फार पूर्वी केला आहे. ज्याची लघवी आपल्या ताब्यात राहत नाही तो ‘माजूर’. हनफी मताप्रमाणे त्याने दर नमाजच्या वेळेसाठी नवा वजू करावा आणि नमाज पढावी. कोकणातल्या शाफई लोकांनी दर फर्ज नमाजसाठी. आपापल्या मौलानांना विचारून खात्री करून घ्यावी, पण दीनच्या नावावर इलाज थांबवू नये.

जर्राह म्हणजे जखम करणारा. हजार वर्षे तो आपली जखम लहान करत आला आणि आता ती सुईच्या टोकाएवढी झाली आहे. उशीर करून आपण ती पुन्हा मोठी करू नये.